गुरुवारचा फेस

शुक्रवारच्या तारलीला रॉकेलचा वास यायचा. अहुबाने वास आला की त्या वारी रेघ, असं आपल्या मातीच्या भट्टीवर अकरा आठवडे खडूने लिहिलं; शुक्रवार सोडून एकही रेघ पडली नाही. बाजारात गिऱ्हाईक तिची धुरी दिलेली मासळी हुंगून पुढे जाऊ लागलं होतं. आणखी महिनाभर असंच चाललं, तर भट्टी विझवावी लागणार होती.

समोर समुद्रात रिग उभारून तेल काढणाऱ्या कंपनीचे टँडोह साहेब म्हणायचे, तुमच्याच होड्यांचं तेल सांडतं. विहिरीतून तेलाबरोबर निघणारं पाणी रिगवर साफ करूनच समुद्रात सोडतात, वहीत तशी नोंद आहे.

पण गुरुवारी होड्या चालतात कुठे? त्या किनाऱ्यावर गुरुवार समुद्राचा. जाळं टाकायचं नाही. म्हणजे रिगपाशी काय चाललंय ते बघायलाही कुणी नाही.

गुरुवारीच रिगपाशी जायचा अहुबाचा बेत ऐकून कोळ्यांचे प्रमुख नाना अमिहेरे यांनी कानांना हात लावले. गुरुवार मोडला तर समुद्राला मेंढा द्यावा लागेल म्हणाले, आणि तो तुझ्या दावणीचा.

"बंदी जाळं टाकायला आहे ना, नाना? रडायला नाही."

प्रदूषण खात्याच्या एसिएन बाईंनी गावाच्या तीन अर्जांना उत्तर दिलं नव्हतं. अहुबाने चौथा अर्ज केलाच नाही, मयताचं बोलावणं धाडलं. मयताला नाही म्हणणारं माणूस त्या मुलखात अजून जन्मायचंय. गुरुवारी सकाळी बाई मयताच्या काळ्या-तांबड्या कपड्यांत हजर झाल्या. होडी निघाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, गेलं कोण? अहुबाने होडीतल्या टोपलीवरचं काळं कापड उचललं; खाली गेल्या शुक्रवारची तारली होती. बाईंनी नाकाला रुमाल लावला, पण किनारा तोवर लांब राहिला होता.

नानांना पुढे बसवून, रडगाणी गात होडी रिगच्या हद्दीशी पोचली. पुढे पाण्यावर तपकिरी फेसाचा रुंद पट्टा वाहत होता. गस्तीच्या बोटीतून टँडोह साहेब भोंगा घेऊन आले.

"नाना, आज गुरुवार आहे. गुरुवारी तुम्ही लोक इकडे येत नाही."

रडगाणं थांबलं.

"साहेबांना आमचा वार बरा पाठ आहे," अहुबा म्हणाली.

एसिएन बाईंनी रुमाल खाली घेतला आणि पाण्याच्या नमुन्यासाठी काचेची बाटली मागितली. प्लास्टिकला तेल चिकटतं. होडीत काचेची एकच होती, समुद्राला वाहायच्या दारूची. नानांनी निम्मी समुद्राला दिली, निम्मी स्वतः घेतली आणि रिकामी बाटली अदबीने पुढे केली.

पुढच्या महिन्यात एका शुक्रवारी अहुबाने तारली हुंगली आणि खडू परत फळीवर ठेवला.