चोवीस किरणांचा वाडगा

बाजारात त्यांना सगळे टिचकीराव म्हणत, कारण समोर काचेचं काही आलं की आधी ते त्याला टिचकी मारायचे आणि मगच आणणाऱ्याला ‘बसा’ म्हणायचे. जुन्या कोरीव क्रिस्टलची पारख करून किंमत ठरवून देणं हा त्यांचा धंदा. शिसं घातलेली काच टिचकीला घंटेसारखं उत्तर देते, आणि बराच वेळ देत राहते. साधी काच ‘टक’ म्हणून विषय संपवते. चाकावर कापलेल्या नक्षीच्या कडा बोटाला बोचतात. साच्यात दाबून काढलेल्या नकलेच्या कडा मऊ असतात आणि अंगावर कुठे ना कुठे साच्याची शिवण असते. एवढ्या ज्ञानावर त्यांची तीस वर्षं निघाली होती. गिऱ्हाइकाने आजोबांची शपथ घेतली तरी ते भिंग काढायचेच.

त्या दिवशी एक निवृत्त मुख्याध्यापिका टॉवेलात गुंडाळलेला वाडगा घेऊन आल्या. त्यांचं सगळं आधीच ठरलेलं होतं. वाडगा किमती निघाला तर विमा काढून नातीसाठी ठेवायचा, नाहीतर इथेच विकून मोकळं व्हायचं.

टिचकीरावांनी टिचकी मारली आणि बाईंना बसा म्हणायचं विसरले.

हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. पहिली टिचकी त्यांनी याच वाडग्याला मारली होती, सहाव्या वर्षी, आणि आईने हातावर चापटी दिली होती. आई त्यात बटणं ठेवायची. त्यांनी वाडगा उलटा केला. तळाशी चोवीस किरणांची चांदणी, त्यातला एक किरण आखूड. कारागिराचा हात तिथे घसरला होता.

अडचण एवढीच होती, की हा वाडगा अकरा वर्षांपूर्वी फुटला होता. आई गेल्यावर सामान हलवताना थोरल्या भावाच्या हातून पडला. दादा स्वतः बुटांच्या खोक्यात तुकडे घेऊन आला होता आणि मान खाली घालून दारात उभा राहिला होता. उलट टिचकीरावांनीच त्याची समजूत काढली होती. हाताला लागलं नाही ना, असंही विचारलं होतं.

“याच्याबरोबर काही कागद आहे?” त्यांनी विचारलं.

बाईंनी कौतुकाने चिठ्ठी काढली. अक्षर दादाचं. ‘हा वाडगा माझ्या आईचा. विकायला माझं मन होत नव्हतं, पण धाकट्या भावाला जुनं काही घरात नको आहे. त्याच्या हट्टापुढे इलाज नाही.’

“किती भला माणूस हो,” बाई म्हणाल्या. “मला वाडगा विकताना डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. भाऊ मात्र दगडच असणार.”

“असतात असे भाऊ,” टिचकीराव म्हणाले.

आता फक्त एक वाक्य बोलायचं होतं. साधी काच आहे, फार मिळायचं नाही. बाई वाडगा टेबलावर सोडून गेल्या असत्या आणि संध्याकाळी तो घरी पोचला असता. ते वाक्य जिभेवर आलं, तिथे थोडा वेळ बसलं आणि परत गेलं. त्यांनी किमतीच्या दाखल्यावर खरा आकडा लिहिला. मालकाच्या हातची चिठ्ठी सोबत असली की किंमत वाढते, हा धंद्याचा नियम. तेव्हा दादाच्या चिठ्ठीचेही पैसे त्यांनी रीतसर वाढवून लावले. बाई हरखल्या. नातीचा वाडगा पुन्हा टॉवेलात गेला.

घरी येऊन त्यांनी कपाटावरचं खोकं काढलं. तुकड्यांना टिचकी मारता येत नाही, हे खरं. पण भिंग लावता आलं असतं. अकरा वर्षं त्यांनी दर उन्हाळ्यात खोक्यावरची धूळ तेवढी पुसली होती. आज भिंग लावलं. कडा साबणाच्या वडीसारख्या मऊ. तिसऱ्या तुकड्यावर सरळ, ठसठशीत शिवण. तळाच्या तुकड्यावर दुकानातल्या किमतीच्या लेबलाचा गोंद. फोडण्याआधी दादाने तो धुवायचीसुद्धा तसदी घेतली नव्हती.

ते खोकं घेऊन तडक दादाकडे गेले. दादा पेपर वाचत होता. त्याने खोक्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि पेपराची घडी घातली.

“कळलं तर,” तो म्हणाला.

“विकायचा होता तर सांगायचंस.”

“तू विकू दिला असतास?”

“नाही.”

“मग?” दादाच्या आवाजात ओशाळेपण औषधालाही नव्हतं, असलीच तर जुनी तक्रार होती. “आणि त्या दिवशी मी दारातून हललो नव्हतो. म्हटलं, हा आता भिंग काढेल आणि माझी पूजा बांधेल. बोलायचं काय तेही ठरवून आलो होतो. तू तर रडायलाच लागलास. अख्ख्या जगाला भिंग लावणारा माणूस तू. मला का नाही लावलंस?”

यावर टिचकीरावांकडे उत्तर होतं, पण ते दादाला सांगण्यासारखं उरलं नव्हतं. त्यांनी खोकं टेबलावर ठेवलं आणि त्याच्याकडे सरकवलं. “तुझं आहे,” ते म्हणाले.

तेवढ्यात वहिनी काचेच्या पेल्यात पाणी घेऊन आली. बसा ना भाऊजी, उभ्यानेच काय, म्हणाली. टिचकीरावांनी पेला घेतला, खिडकीच्या उजेडात धरला आणि सावकाश फिरवला. शिवण सापडल्यावर मग ते पाणी प्यायले.