खंडेनवमीची फ्लॉपी

खंडेनवमीला आमच्याकडं घरातलं प्रत्येक हत्यार पाटावर मांडून पुजायची रीत आहे. शहाऐंशी सालच्या दुष्काळात नांगराच्या फाळाला चार महिने माती लागली नव्हती, तरी तो मी राखेनं घासला. विळा, खुरपी, कुऱ्हाड मांडली. हे आमच्या दूध सोसायटीचे सेक्रेटरी, म्हणून त्यांचं शाईचं पेन आणि दुधाचं लिटरचं माप ठेवलं. सगळ्यांना हळदीकुंकू लावून झालं आणि मनात आलं, गुलाबचं काय?

गुलाब आमची थोरली. कॉम्प्युटर इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. आमच्या भूम गावाच्या आसपास त्या वेळी हा शब्द नीट उच्चारणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी. हे पारावर सांगायचे, "दहा दिवसांचं काम दहा मिनिटांत करणारं यंत्र आहे ते." त्यावर धोंडीबा विचारायचा, "मग उरल्याल्या दिवसांत काय करायचं, सेक्रेटरी?"

नवरात्रात ती दोन दिवसांसाठी घरी आली होती. येताना वह्यांबरोबर एक कागदी पाकीट आणलं होतं. त्यात काळी, चौकोनी, पत्रावळीपेक्षा पातळ अशी एक वस्तू. "आई, ही फ्लॉपी. हिला वाकवायचं नाही, उन्हात ठेवायचं नाही," तिनं बजावलं होतं. "माझं सगळं काम हिच्यातच आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाहेरचे परीक्षक येणारेत. त्यांच्यापुढं प्रोग्रॅम चालला तर टर्म मिळंल. नाही तर वर्ष गेलं."

आता मुलीचं सगळं काम जिच्यात, तेच तिचं हत्यार की नाही? गुलाब सकाळीच यांच्याबरोबर जनावरांच्या छावणीवर गेली होती. मी पाकीट उघडलं. वाकवली नाही, उन्हात ठेवली नाही. पाटावर मधोमध मांडली. काळ्यावर कुंकू काही उठून दिसेना. पण खालच्या बाजूला एक लांबट खिडकी होती आणि तिच्यातून आतली तपकिरी, तुकतुकीत चकती दिसत होती. जागा कशी कपाळासारखी. तिथं हळदीचं बोट लावलं, कुंकवाचं लावलं. फुलानं पाणी शिंपडलं, अक्षता वाहिल्या, आणि हात जोडून म्हटलं, "आई येडेश्वरी, पोरीच्या विद्येला यश दे."

गुलाब दुपारी आली. पाटाकडं बघितलं आणि मटकन खाली बसली.

ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "आई, बाकी कुठंबी लावलं असतंस गं."

"पुसून घेऊ की."

"पुसायचंच नसतं तिथं. बोट पण लावायचं नसतं."

"दुसरी न्हाय का?"

"दुसरीवर प्रत काढायची होती. नेमकी त्याच दिवशी लाईट गेली."

हे दारात उभे होते. हसावं का रागवावं ते त्यांना कळेना, म्हणून ते दुधाचं माप उचलून सोसायटीत निघून गेले.

त्या फ्लॉपीत काय होतं ते सांगते. पाऊस हुकल्यापासून सोसायटीनं जनावरांची छावणी घातली होती. एकशे सदतीस जनावरं, आणि पाण्याचा हौद एक. टँकर सकाळी एकदाच यायचा. पहिल्या आठवड्यात पाळीवरून दोघांची डोकी फुटली, तेव्हा सगळ्यांनी पाळी लावायचं काम माझ्यावर टाकलं. मी मोठ्यानं बोलत नाही. माझं ऐकायचं तर माणसांना गप्प व्हावं लागतं, आणि एकदा गप्प झाली की भांडण तिथंच निम्मं होतं. आधी दुभती, मग गाभण, मग वासरं, मग बैल, शेवटी भाकड. हे सगळं गुलाबनं सुट्टीत माझ्याकडून खोदून खोदून विचारून घेतलं आणि त्याचाच प्रोग्रॅम केला. यंत्राला जनावरांची यादी दिली की यंत्र पाळी लावणार. तिच्या कॉलेजातल्या सरांना कल्पना फार आवडली होती म्हणे.

आणि मी त्याच्यावर कुंकू लावून ठेवलं!

"उद्या मी येते तुझ्याबरोबर," मी म्हटलं. "चूक माझी आहे. सरांना मी सांगते."

"इंजिनियरिंगला आईची चिठ्ठी चालत न्हाय, आई."

"चिठ्ठी कुठं देतेय? मी सोताच येते."

दसऱ्याला पहाटे घट उठवला आणि पहिली एसटी धरली. नऊ दिवसांचा उपास एसटीतच दोन केळ्यांवर सोडला. गुलाब पाकीट मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसली होती. मी जप करत होते, पण खरं सांगायचं तर सारखी मोजदाद चुकत होती.

कॉलेज म्हणजे माळावर उभ्या केलेल्या चार इमारती. सुट्टी असल्यानं सगळीकडं सामसूम. तिचे सर, महांतप्पा सर, मागच्याच क्वार्टरमध्ये राहायचे. उमरग्याकडचे, बोलण्याला कानडी हेल. लुंगीवरच बाहेर आले. मी काही बोलायच्या आत गुलाबनं पाकीट पुढं केलं. सरांनी आत डोकावून बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं, आणि मोठ्यानं हाक मारली, "उत्तरेश्वर! अरे बाहेर ये की. तुझी गुरुबहीण आली बघ!"

उत्तरेश्वर म्हणजे लॅबची किल्ली सांभाळणारे शिपाई. भरघोस मिशा, वय माझ्याएवढंच. ते लाजून हसले. मागल्या खंडेनवमीला त्यांनी लॅबमधल्या तीन फ्लॉप्यांना गंध लावलं होतं.

"दोन वाचवल्या मी त्यातल्या," सर म्हणाले. "चला, लुंगी बदलून येतो."

लॅबच्या दाराशी चपला काढायच्या होत्या. ते मला बरं वाटलं. आत हिवाळ्यासारखी थंडी, आणि चारही यंत्रांना झेंडूचे हार. "हार चालतात," सर म्हणाले, "फक्त ओलं आणि कोरडं, दोन्ही आत जायला नको." मग त्यांनी ब्लेड घेतलं आणि फ्लॉपीच्या काळ्या कव्हराची एक कड अलगद कापली. गुलाबनं डोळेच मिटून घेतले. आतली चकती पापडासारखी बाहेर आली.

"आई, तुम्ही धरा. हिनं तर डोळेच मिटलेत. कडेनं धरा, मधे बोट नको."

मी धरली. सरांनी साबणाचा एक थेंब आणि बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी घेऊन ती हलक्या हातानं धुतली. कुंकवाचं लाल पाणी बशीत उतरलं. थंड हवेच्या झोतापुढं मी ती हातात धरून उभी राहिले, किती वेळ ते कळलं नाही. वाळल्यावर सरांनी ती एका रिकाम्या कव्हरात सरकवली आणि यंत्रात घातली. यंत्र करकरलं, थांबलं, पुन्हा करकरलं.

"आला!" गुलाब किंचाळली. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं भराभर वर चढत होती. "प्रोग्रॅम आला, सर! सगळा आला!"

पण जनावरांची यादी मात्र आली नाही. नेमकी तीच कुंकवाखाली गेली होती. यादीचं रजिस्टर घरी, परतीची एसटी दुसऱ्या दिवशी, आणि परीक्षक सकाळी अकराला येणार.

"असू दे," सर म्हणाले. "कुठलीबी नावं घाल की. गाय एक, गाय दोन. त्यांना काय कळतंय?"

"सर, मी रिपोर्टात लिहिलंय, खऱ्या छावणीची खरी यादी म्हणून."

"मग खरीच घाल," मी म्हटलं. "मी सांगते."

दोघंही माझ्याकडं बघायला लागले.

"रोज सकाळी त्यांच्यातच उभी असते ना मी? बस. लिही."

गुलाब खुर्चीवर बसली, मी शेजारी स्टुलावर. डोळे मिटले आणि छावणीच्या फाटकातून आत शिरले. "डाव्या हाताला पहिला धोंडीबा. तीन जनावरं. तांबडी गाय, दुभती. एक गोऱ्हा. एक म्हैस, गाभण, पाचवा महिना, मारकी."

"मारकी कुठं भरू?"

"जागा न्हाय तुझ्या यंत्रात?"

"न्हाय."

"मग ऱ्हाऊ दे. धोंडीबाला सांगू नको फक्त, मी मारकी म्हटलं म्हणून. त्याच्या पुढं पिराजी. बैलजोडी. पांढऱ्याला खुरकूत झालीया, पण पाणी पितो. त्याला लागून गुरुसिद्धप्पा, दोन म्हशी, एक आटली."

"कधी आटली?"

"तू सुट्टी संपवून कॉलेजला आलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"बघा सर!" गुलाब हसायला लागली. "रजिस्टरमध्ये अजून ती दुभतीच असणार!"

होस्टेलवर थांबलेल्या दोन मुली आवाज ऐकून आल्या. एक बेंबळी गावची होती. तिनं बोटांवर मोजायचं काम अंगावर घेतलं. उत्तरेश्वरांनी चहा आणला, पण तो दाराबाहेर जाऊन प्यायचा, म्हणून कुणी उठेना. प्रत्येक दाव्यापाशी सर विचारायचे, "आणि हिचं नाव काय?" यंत्राला नाव नको होतं, सरांनाच हवं होतं.

दिवेलागणीच्या सुमाराला मी थांबले. "झाली."

"एकशे छत्तीस," बेंबळीची मुलगी म्हणाली.

"एक राहिलं," गुलाब म्हणाली. "आई, नीट आठव."

मी पुन्हा फाटकापासून सगळी रांग फिरले. पिराजी, गुरुसिद्धप्पा, चांगुणाची शेळी धरून सगळं जागेवर होतं. मग ध्यानात आलं आणि मीच हसले. "अगं, आपली कपिला!"

हसून हसून सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. गुलाबनं कपिला भरली, एक बटण दाबलं आणि पडद्यावर पाळी उमटली. ती एकेक नाव वाचत गेली. अगदी माझ्यासारखीच पाळी. माझ्या डोक्यातलं ते काचेमागं बसून बोलत होतं. पण शेवटाकडं मी तिला थांबवलं.

"गजराबाईची गाय एकशे एकोणतिसावी?"

"म्हातारी आहे, भाकड आहे. तुझाच नियम."

"आंधळी हाय ती, गुलाब. तिला मी सगळ्यांत आधी सोडते. गर्दीत हौदात पडंल की."

"हे तू मला कधी सांगितलंस?"

"तू कधी विचारलंस?"

सरांनी टेबलावर थाप मारली. "हेच! हेच शिकवतोय मी तीन वर्षं, की माणसाला पुन्हा पुन्हा विचारा म्हणून!" गुलाबनं लगेच 'डोळे' असा नवा रकाना केला. पुन्हा बटण दाबलं. गजराबाईची गाय पहिल्या नंबरावर आली. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी एकादशी. अकराला परीक्षक आले, पुण्याकडचे, चष्मेवाले, कपाळाला आठी. मला आत जायची परवानगी नव्हती. मी बाहेर उन्हात पायरीवर उभी राहिले. दाराच्या काचेतून गुलाबची पाठ तेवढी दिसत होती. उत्तरेश्वर पाणी द्यायच्या निमित्तानं आतबाहेर करत होते आणि दर खेपेला मला बातमी आणत होते.

"चालला, काकू. प्रोग्रॅम चालला."

"मग?"

"आता प्रश्न विचारायलेत." आत जाऊन पुन्हा आले. "म्हणत्यात, डोळे कशाला हवेत पाण्याला? गुलाबताईनं सांगितलं झटक्यात."

"आणि?"

तिसऱ्या खेपेला त्यांचा चेहरा उतरला होता. "म्हणत्यात, दोन आंधळ्या आल्या तर पहिली कुठली? एका नंबरावर दोन बसत न्हाईत. गुलाबताई तिथं अडकली."

उत्तर मला ठाऊक होतं. "तिला सांगा, एकीला धरून एक माणूस थांबवायचा, पहिलीचं होईस्तोवर."

"काकू! मी मागल्या वर्षी फ्लॉप्यांपायी बोलणी खाल्ली, आता कॉपी करू म्हणता?"

मी हात जोडून उभी राहिले. काचेपलीकडं गुलाबची मान खाली होती. परीक्षकांनी घड्याळ बघितलं. मग ती एकदम सरळ झाली आणि काहीतरी बोलली. परीक्षक पुढं वाकले. ती भराभर बटणं दाबायला लागली. महांतप्पा सर तिच्यामागं उभे होते, त्यांनी दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून ठेवले होते.

उत्तरेश्वर पळतच बाहेर आले. "म्हणाली, हौदाला दोन टोकं असत्यात, सर. एक ह्या टोकाला, एक त्या टोकाला. म्हणजे पहिल्या नंबराच्या दोन जागा!"

चार महिने मी त्या हौदापाशी उभी होते. दोन टोकं मला कधी सुचली नाहीत.

आत परीक्षक हसत होते. कपाळाची आठी गेली होती. त्यांनी खिशातलं पेन काढलं, गुलाबच्या जर्नलवर सही केली आणि काहीतरी विचारलं. तिनं वळून दाराकडं, माझ्याकडं बोट दाखवलं. परीक्षकांनी तिथूनच मला नमस्कार केला. मी गडबडून पदर सावरला.

मग दार उघडलं आणि गुलाब अनवाणीच बाहेर धावली. "मिळाली! आई, टर्म मिळाली!" तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. सकाळपासून त्या थंडीत बसून तिचे हात बर्फासारखे गार पडले होते. बाहेर ऊन मी म्हणत होतं. मी ते हात सोडले नाहीत, तसेच गालांवर दाबून धरले, आणि आम्ही दोघी पायरीवर उभ्या राहून हसत राहिलो.