भासरे दाराबाहेर

"मान्य आहे ना, बाई?" न्यायाधीश मॅडमनी दुसऱ्यांदा विचारलं.

वच्छलाबाईंनी पदर आणखी पुढे ओढला आणि मान खाली घातली. मी त्यांची वकील. मी घड्याळाकडे पाहिलं आणि त्यांच्या वतीने म्हणून टाकलं, "मान्य आहे, मॅडम. आमची काही हरकत नाही."

माझ्या तोंडून गेलेलं हे वाक्य मी सहसा कोणाला सांगत नाही. वकिलाला स्वतःचा मूर्खपणा सांगायची सवय नसते. पण तो सांगितल्याशिवाय बिसरामभाऊंचं ऋण सांगता येत नाही, म्हणून सांगते.

तालुक्याच्या कोर्टात त्या दिवशी लोकअदालत होती. व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती आणि आमच्या टेबलावर चाळीस प्रकरणं होती. वच्छलाबाईंचं प्रकरण वाटणीचं. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली. सहा एकर धानाची जमीन दोघा भावांची, आणि तिच्यातला नवऱ्याचा अर्धा हिस्सा त्यांना हवा होता. बाईमाणसाला विधी सेवेतून वकील फुकट मिळतो हे त्यांना गावातल्या आशाताईंनी सांगितलं, आणि त्यांच्या नशिबी वकिलीचं दुसरं वर्ष चालू असलेली मी आले. शहरालगतच्या फुलचूरला वाढलेली, अर्धं हिंदी बोलणारी, शेताच्या बांधावर सहलीपुरतीच गेलेली.

समोर वच्छलाबाईंचे मोठे दीर दुधरामजी बसले होते. धोतर, स्वच्छ बंडी, हातात टोपी. त्यांच्या वकिलांनी तडजोड मांडली होती: भावजयीला टेकरीवरचं एक एकर आणि घरातली मागची खोली, बाकी खालची बोडीकाठची, म्हणजे तळ्याच्या पाण्यावरची जमीन दुधरामजींकडे. वच्छलाबाई माझ्या ऑफिसात "अर्धं म्हंजे अर्धं" असं ठणकावून गेल्या होत्या. आज काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, घरात समेट झाला असेल, मन बदललं असेल. बाजूला घेऊन एकदा विचारायला हवं होतं. तेवढं सुचलं नाही, सुचलं ते घड्याळ!

लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं. एकदा सह्या झाल्या की त्या बाईंच्या हातात जन्मभर टेकरीच राहिली असती. कारकून लिहायला बसलाही होता.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "मॅडम, माफी असावी."

सगळ्यांनी वळून पाहिलं. दारात बिसरामभाऊ, कोर्टाचे शिपाई. तीस वर्षं याच दारात उभं राहून त्यांनी लोकांची नावं पुकारली. त्यांची हाक रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत जायची, पण नावांपलीकडे त्यांच्या तोंडून शब्द निघालेला कोणी ऐकला नव्हता. कोर्टातले बाकीचे मला "बेटा" म्हणत आणि काम टाळत. हे "मॅडम" म्हणत आणि फाईल आणून देत. एवढीच आमची ओळख.

"काय झालं, बिसराम?" न्यायाधीश मॅडमनी विचारलं.

"बाई बोलनार नाई जी. समोर भासरे बसून राहिले."

न्यायाधीश मॅडम साताऱ्याकडच्या, बदलून येऊन दोन महिने झालेल्या. "भासरे म्हणजे?"

"नवऱ्याचा मोठा भाऊ. त्याच्यासमोर बाई तोंड उघडत नाई. त्याचं नाव घेत नाई, तो बसला त्या खाटेवर बसत नाई. जीव गेला तरी नाई."

"पण त्यांनी मान हलवली."

"मान हालवली नाई जी. मान खाली केली. पदर सांभाळला तिनं."

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. ही रीत मला ठाऊकच नव्हती असंही नाही. माझी आजी असंच वागायची. पण आमच्या घरात आता काकू मोठ्या बाबांशी, म्हणजे तिच्या भासऱ्यांशी, टीव्हीच्या रिमोटवरून भांडते, त्यामुळे गोष्ट डोक्यातून निघूनच गेली होती. दुधरामजींचे वकील म्हणाले, "मॅडम, शिपाई मधे कसा बोलतो? ही काही पद्धत झाली?" त्यांचं म्हणणं कायद्याने बरोबरच होतं. बिसरामभाऊंनी हात पाठीमागे धरले, पण ते दारातून हलले नाहीत.

न्यायाधीश मॅडमनी पेन खाली ठेवलं. मोठी माणसं पदामुळे मोठी नसतात, हे मी त्या दिवशी टेबलाशीही पाहिलं आणि दाराशीही. त्या म्हणाल्या, "मग आता काय करायचं ते तुम्हीच सांगा, बिसराम."

"भासऱ्यायले बाहेर बसवतो. दार लोटून घेतो. बोलनं आयकू येईल, तोंड दिसनार नाई. आमच्याकडं घरी असंच करते."

दुधरामजी मुकाट्याने उठले. बिसरामभाऊंनी व्हरांड्यात दाराला लागून खुर्ची ठेवली, त्यांना बसवलं, बोट दीड बोट फट ठेवून दार लोटलं आणि स्वतः त्या फटीशी उभे राहिले.

मग वच्छलाबाई बोलल्या. पदर तोंडावरच होता, पण आवाज असा निघाला की कारकुनाने मान वर केली.

"मले टेकरी नाई पायजे. तिथं धान होत नाई. बोडीखालची धानाची बांदी माया नवऱ्यानं आन मी डोक्यावर माती वाहून सपाट केली. बावीस साल रोवना मी केला, निंदन मी केलं. मी त्यायचं काई मागत नाई. त्यायलेबी लेकरं आहेत. अर्धं म्हंजे अर्धं. पन वाटनी आडवी नोका पाडू, उभी पाडा. दोघायच्या बांदीले बोडीचं पानी लागलं पायजे."

उभी वाटणी! म्हणजे दोन्ही पट्ट्या बोडीपासून सुरू होणार, कोणाचंच धान तहानलेलं राहणार नाही. आम्ही दोन वकील तीन तारखा भांडलो, पण नकाशावर अशी रेघ मारायचं आमच्या डोक्यात आलं नव्हतं.

मग बाहेरून दुधरामजींचा आवाज आला, आम्हाला नाही, बिसरामभाऊंना उद्देशून.

"भाऊ, बावीस सालात मी ह्या बाईचा आवाज आज आयकला." पुढे म्हणाले, "मी सोयऱ्यायले विचारलं, चुलत पुतन्याले विचारलं. ते बोलले, चालते तिले. मले वाटलं चालते. मॅडमले सांगा, उभी पाडा म्हना. मधल्या धुऱ्यावरचं मोहाचं झाड तेवढं दोघायचं राहू द्या."

"राहू द्या," आतून वच्छलाबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या.

अर्ध्या तासात नकाशा झाला, निवाडा झाला. वच्छलाबाईंनी सावकाश, एकेक अक्षर जुळवत सही केली. दुधरामजी आधी निघून गेले. मग त्या उठल्या, दाराशी आल्या, पदर मागे घेतला आणि बिसरामभाऊंना म्हणाल्या, "भाऊ, तुमचे लेकरं सुखी राहू द्या बाप्पा." बिसरामभाऊ "हो जी, हो जी" करत राहिले.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा गर्दी ओसरली. मी व्हरांड्यात गेले आणि त्यांच्यासमोर सरळ हात जोडले. म्हटलं, "बिसरामभाऊ, आज तुम्ही त्या बाईंची जमीन वाचवली आणि माझी लाज. मी हे विसरणार नाही."

"कायले हात जोडता मॅडम," ते गडबडले. "तुमी नवीन आहा."

"तुमची नोकरी गेली असती तर? एवढी हिंमत कुठून आली?"

ते बाकावर टेकले.

"माया नोकरीचं तिसरं साल होतं," ते म्हणाले. "हेच कोर्ट, हेच दार. माई बहीन मंगली अशीच आत बसून होती. समोर भासरा. फुकटचा वकील बाईमानसाले भेटते हे तवा कोनाले मालूम? वकील भासऱ्यानंच देला होता. साहेबानं विचारलं, मान्य आहे का. तिनं मान खाली केली. लिहून झालं. बांदी गेली तिची. आजबी लोकायच्या रोवन्याले जाते."

"आणि तुम्ही?"

"मी दारात होतो. शिपाई मानूस, मले वाटलं आपलं काम नाव पुकाराचं." त्यांनी तळहात एकमेकांवर घासले. "तिनं मले एका शब्दानं बोल लावला नाई. तिले वाटते, कोर्टात शिपायाले बोलाची मनाईच रायते. आजबी तेच वाटते तिले. मीबी तसंच राहू देलं."

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले.

थोड्या वेळाने ते उठले, शर्ट नीट केला आणि आत जाऊन न्यायाधीश मॅडमसमोर उभे राहिले. तासभर लवकर जायची परवानगी मागितली. तीस वर्षांत पहिल्यांदा, असं कारकून मागाहून मला म्हणाला. मॅडमनी कारण विचारलं.

"बहिनीकडं जाऊन येतो जी," बिसरामभाऊ म्हणाले. "तिले एक गोष्ट सांगाची राहिली."