बोटभर केळे

ताईच्या पत्राला काकांनी उत्तर दिलं नाही. दुरुस्त मात्र केलं.

सगळी नोकरी छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेलेली. कागद हाती आला की लाल पेनाचं टोपण आपोआप निघायचं. गल्ली त्यांना प्रूफकाका म्हणायची, आणि खरं नाव कुणी विचारलं तर काकांनाही क्षणभर आठवावं लागायचं. थोरल्या बहिणीच्या पत्रातले ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी जागच्या जागी बसवले आणि 'पिल्लाला रोज मूठभर किडे दे' या ओळीपाशी थबकले. ताईचं अक्षर आधीच कोंबडीचे पाय. किड्यांची मूठ कोण भरणार? शिवाय लहानपणापासून ती त्यांनाच पुस्तकी किडा म्हणत आलेली. हा टोमणा असेल तर तो या वाक्यात बसत नव्हता, आणि टोमणा नसेल तर ही सरळसरळ चूक होती. काकांनी 'किडे' खोडून वर 'केळे' लिहिलं. मग मूठभर केळे हे माप पटेना, म्हणून 'मूठभर'चं 'बोटभर' केलं.

वाक्य झकास झालं. पिल्लाचं वाटोळं झालं.

पिल्लू ताईनंच आणून दिलेलं. तिचं गाव वेगळं, घर ऐसपैस, मागच्या अंगणात कोंबड्या. काकांनी चहा उकळत ठेवून वाचण्याच्या नादात पातेल्याला भोक पाडलं, ही बातमी पोचताच ती खोकं घेऊन हजर झाली होती.

"तुला स्वतःचं पोट सांभाळता येत नाही. चल माझ्याकडे."

"मी बरा आहे इथे."

"बरा? काठीला सदरा घातलाय नुसता!" तिनं खोक्यातून पिवळा गोळा काढून टेबलावर ठेवला. "हे वाढवून दाखव. याची कोंबडी झाली तर राहा खुशाल एकटा. नाही झाली तर तुम्ही दोघं माझ्याकडे, आणि ही पुस्तकं रद्दीत."

ताई बोलली की ते व्हायचंच. घरात तिच्या शब्दाबाहेर फक्त मांजर असायचं.

तेव्हापासून गुंडी काकांकडे. हे नाव खालच्या शिंपीणबाईंनी ठेवलं, कारण पिल्लू त्यांच्या गुंड्यांच्या डब्यात मावायचं. वाईट एवढंच, की बरेच आठवडे उलटले तरी मावायचं. पंखांना पिसं फुटली ती उसवलेल्या अस्तरासारखी. बशीतल्या केळ्याकडे गुंडी अशी बघायची, जसे काका ताईच्या पत्राकडे बघायचे.

"काका, वाढत का नाही हो ही?" शिंपीणबाई शिलाई यंत्रावरून मान न उचलता विचारायच्या.

"वाढतेय. आतून."

"आतून माझी सासू वाढायची. बाहेरून दिसायचं की!"

एक दिवस त्यांनी जिन्यातून हाक मारली. फोन त्यांचा, निरोप काकांचा. "तुमच्या ताई होत्या! म्हणाल्या, त्या गाढवाला लिहिता येतं की विसरला? महिनाअखेरीला टेम्पो घेऊन येतेय म्हणाल्या."

"टेम्पो?"

"तुम्हाला बसायला पुढे जागा आहे म्हणे."

काकांनी त्याच दुपारी गुंडीला पिशवीत घालून जनावरांचा दवाखाना गाठला. जाण्याआधी वाचनालयात दोन पुस्तकं चाळली होती, त्यामुळे पिल्लांना होणारे सगळे रोग गुंडीला झालेत आणि त्यातले निम्मे आपल्यालाही आहेत अशी त्यांची खात्री पटलेली. डॉक्टरांनी तिला उलटं धरलं, चोच उघडून पाहिली, पोट चाचपलं, विष्ठा काचेखाली बघितली.

"रोग काही नाही. कुपोषण वाटतंय. खायला काय घालता?"

मागे एक बाई बोकड घेऊन उभ्या होत्या. बोकड काकांकडे रोखून बघत होता. त्याच्यासमोर केळं म्हणायचा काकांना धीर झाला नाही.

"सगळंच," ते पुटपुटले.

"मग अंगी का लागत नाही? उकडलेल्या अंड्याचा बलक द्या थोडा."

"अंड्याचा? तिला? म्हणजे तिच्याच..."

"तिला नाती कळत नाहीत हो," डॉक्टर म्हणाले. "पुढचा!"

काका घरी आले. बलक द्यायचं त्यांच्या जिवावर आलं. ते खचून पुस्तकं बांधायला बसले. आधी सगळ्यात जड शब्दकोश काढला, म्हणजे निदान दुःखाची सुरुवात तरी वजनदार व्हावी. तो आदळताच त्याच्या पुठ्ठ्यातून चार-पाच कसरी सळसळत बाहेर पडल्या. पुस्तकं खाणारे ते चंदेरी किडे. काकांचं सगळं आयुष्य त्यांच्याशी हरण्यात गेलेलं.

आणि केळ्याच्या बशीशेजारी मरगळून बसलेली गुंडी उडाली. चालली नाही, धावली नाही, उडाली. टक, टक, टक. कसरी खलास. मग शब्दकोशावर चढून ती पुठ्ठ्याच्या फटीत चोच खुपसायला लागली, आणि नाहीच काही निघालं तेव्हा काकांकडे बघून त्यांच्या घराण्यात आजवर कुणी काढला नव्हता असा आवाज काढला.

"किडे," काका म्हणाले.

खात्री असावी म्हणून त्यांनी तिला बाजूला सारून कोशात 'किडा' शब्द बघितलाही. मग ताईचं पत्र काढलं. लाल रेघेखालून 'किडे' स्वच्छ दिसत होतं. इतकं स्वच्छ अक्षर ताईनं दुसऱ्या कुठल्या शब्दात काढलं नव्हतं.

त्यानंतर काका कामाला लागले. रोज एक कपाट गुंडीपुढे झाडलं. शिंपीणबाईंच्या कुंड्या उकरून गांडुळं काढली आणि दोनदा शिव्या खाल्ल्या. अखेर मन घट्ट करून, तिच्याकडे पाठ करून, बलकही घातला. गुंडीनं राहिलेली कसर खरोखरच कसर खाऊन भरून काढली. छाती भरली, मान सरळ झाली, आणि गुंड्यांच्या डब्यात तिचा एक पायच तेवढा मावायला लागला.

पण ती मोठी झाली नाही. शिंपीणबाईंनी टेप लावून निकाल दिला, "काका, मापात कमीच आहे. कापडच कमी पडलंय सुरुवातीला. आता कितीही ताणा."

"ताईला काय सांगू?"

"मोठी झाली म्हणून लिहा. त्या काय टेप घेऊन येणारेत?"

"टेम्पो घेऊन येणारे."

काका लिहायला बसले. आधी लिहिलं, 'कोंबडी उत्तम वाढली आहे.' व्याकरण निर्दोष होतं. मजकूर खोटा होता. छापखान्यात त्यांनी मजकुराला कधी हात लावला नव्हता, तो लेखकाचा प्रश्न असायचा. पण इथे लेखकही तेच. त्यांनी कागद फाडला आणि नवा घेतला.

'ताई, पिल्लाची कोंबडी झाली. लहान आहे. माझ्या टोपीत मावते. तू लिहिलेलं मी चुकीचं दुरुस्त केलं आणि तिला केळं चारलं. खुराक उशिरा मिळाला, आता ती थोराड होणार नाही. मीही कुठे झालो? पण ती धडधाकट आहे, रोज मला टोचते, आणि ही खोली तिची आहे असं तिला वाटतं. मी येत नाही. तू ये. टेम्पो नको.'

मग त्यांनी ताईचं पत्र पुढे ओढलं. प्रुफात खोडलेला शब्द परत ठेवायचा असेल तर त्याखाली टिंबं द्यायची असतात. स्वतःच्या दुरुस्तीवर त्यांनी ती कधी दिली नव्हती. 'किडे'खाली त्यांनी चार टिंबं दिली आणि उत्तराच्या शेवटी लिहिलं, 'तुझं कीडे बरोबर होतं.'

गुंडीला काखेत मारून ते कोपऱ्यावरच्या पेटीपाशी गेले. पाकीट फटीत सरकवताना त्यांच्या डोळ्यांपुढे शेवटची ओळ आली. 'किडे'मधली वेलांटी. आपण दीर्घ दिली!

काकांनी हात मनगटापर्यंत आत घातला. दोन बोटांत पाकिटाचं टोक होतं.

"काका!" मागून शिंपीणबाई ओरडल्या. "पेटीत काय अंडं घालताय?"

काका दचकले. गुंडीनं त्यांच्या दंडाला कडकडून टोचलं. बोटं सुटली, आणि पत्र चुकीसकट आत पडलं.