धुतलेले डबे

मामांची शुगर दोनशे ऐंशी निघाली. भोकरदनच्या दवाखान्यातून तपासणीचा कागद घरी आला आणि सगळं घर माझ्याकडे बघायला लागलं. बघणारच. तीन महिन्यांपूर्वी ती दोनशे दहा होती, तेव्हा "आता स्वयंपाक मी सांगेन तसा होईल" असं भरल्या घरात मीच म्हणाले होते.

मामा म्हणजे माझे सासरे, बद्रीनाथ. आमच्याकडे सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्याबाई म्हणतात. घरात माणसं चौदा, चूल एक. मामांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला चपलेनं जखम झाली, ती भरेना, म्हणून डॉक्टरांनी शुगर तपासली. म्हणाले, खाणं बदला आणि रोज चालायला लावा. मी दोन्ही मनावर घेतलं. मी कुठलीही गोष्ट जरा जास्तच मनावर घेते, असं माझा नवरा राधेश्याम म्हणतो. म्हणू दे.

बाहेरच्या रानात मिरची आणि कपाशी. त्यावर फवारे चालूच असतात, तो माल विकायचा. विहिरीजवळच्या पाच गुंठ्यांत मात्र मी औषधाचा थेंब पडू दिला नाही. तिथं मेथी, पालक, शेपू, वांगी, वालाच्या शेंगा लावल्या. घरात तेल निम्म्यावर आणलं, पोळ्या आठवड्यातून एकदा, एरवी भाकरी. चहातली साखर बंद केली, ती सगळ्यांचीच. एका घरात दोन स्वयंपाक करायला मी काही खानावळ उघडलेली नाही. धाकटी जाऊ शीतल रोज ताटात वाकून विचारायची, "बाई, आज पुन्हा शेपू?" मी म्हणायचे, "हो, आणि उद्याही."

एवढं करून शुगर सत्तरनं वर! डॉक्टर म्हणाले, महिनाभरात खाली आली नाही तर अंगठा काढावा लागेल.

मला काही म्हणजे काही कळेना. ज्वारीतच साखर असते का? की वालात? मोबाईल म्हणाला, वांगं चालतं. शेजारणी म्हणाल्या, बिलकुल चालत नाही. आत्याबाईंनी तर विहिरीलाच दोष दिला, "आपल्या विहिरीचं पाणीच गोड हाये." मी एकेक भाजी बंद करून पाहिली. वांगं गेलं, वाल गेला, मामांच्या ताटात नुसता पाला उरला. बोटातून रक्त काढून बघायचं मशीन आणलं, तर गोंधळ आणखी वाढला. सकाळी एकशे वीस, संध्याकाळी तीनशे! सकाळचे मामा ठणठणीत आणि संध्याकाळचे आजारी, असं कसं होईल? दुपारी जेवतात ते माझ्यासमोर. मग निंबाखाली पडतात, तेही माझ्यासमोर. चार वाजता भाजी वाटायला जातात, एवढाच काय तो वेळ ते नजरेआड असत. पण चालण्यानं साखर उतरते, चढत नाही, हे तर डॉक्टरच सांगतात.

भाजी वाटायचं काम मीच लावून दिलं होतं. मळ्यात भाजी उरायची आणि मामांचं चालणं व्हायला हवं होतं. पिशव्यांचं प्लास्टिक अन्नाला लागू नये, म्हणून मी निवडलेली भाजी स्टीलच्या डब्यांत भरून द्यायचे. सात घरं, सात डबे. तासाभरानं मामा परत येत आणि डबे धुऊन, पुसून ओट्यावर पालथे घालत. या वयात पुरुषमाणसानं इतकी टापटीप ठेवावी, याचं मला कौतुकच होतं.

संक्रांतीनंतर एके दिवशी साडेचारच्या सुमारास गिरणीवर सत्यशीला मावशी भेटल्या. सात घरांतलं एक घर त्यांचं. म्हणाल्या, "वंदना, काल तिळाचे लाडू दिल्ते डब्यात. लई कडक झाले का गं?"

"कोणते लाडू?"

"अगं, मामांजवळ दिले ना. रिकामा डबा कसा देणार? परवा गुळपापडी दिल्ती, ती तरी आवडली का?"

मी दळण तिथंच टाकलं.

रिकामं भांडं परत देऊ नये. चिमूटभर साखर का होईना, घालून द्यावं. हे मला आईनं शिकवलंय, मी माझ्या मुलींना शिकवलंय. आणि तीन महिने सात डबे रोज रिकामे परत येत होते, तेव्हा मला एकदाही खटकलं नाही! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मी वालाच्या शेंगांवर संशय घेत बसले होते. आणि पिशवीतून भाजी दिली असती तर परत काही आलंच नसतं, हेही रस्त्यात लक्षात आलं. मग मला माझाच राग आला.

मामा मारुतीच्या देवळामागच्या हापशाजवळ बसलेले सापडले. चार डबे धुऊन ठेवलेले, तीन बाकी. तोंडात लाडू. मला पाहून ते दचकले नाहीत. उलट सरकून जागा केली.

"ये. गिरणीवरून जल्दी आलीस आज?"

"मामा, हे काय चाललंय?"

"काय म्हंजे? तूच तर डबे देतीस."

मला पुन्हा काही कळेना. ते हळू आवाजात म्हणाले, "मला समजलं ना बराबर. घरात चौदा माणसांपुढं तुला कडक राहावं लागतं. म्हणून बाहेरून माझी सोय करून राह्यली. पिशवी न देता डबा देतीस, तव्हाच ओळखलं म्या. तुझ्या आत्याबाईला कळू नये म्हणून इथंच धुतो डबे."

"आणि मी मशीन आणलं, तेव्हा?"

"तव्हा जरा शंका आल्ती. पर डबे काही बंद झाले न्हाईत. म्हणलं, मंग चालतंय."

एखाद्याला रागवायला यावं आणि त्यानं आपले आभार मानावेत, तेव्हा करायचं काय? तीन महिने हा माणूस माझी माया समजून गूळ खात होता. खरं सांगावं तर ती माया जाते. न सांगावं तर अंगठा जातो.

"मला काहीही माहीत नव्हतं, मामा," मी म्हणाले. माझा आवाज चढला आणि मग फुटला. "मी डबा दिला तो भाजी चांगली राहावी म्हणून. डॉक्टर अंगठा काढतो म्हणतात. मला भीती वाटते. रात्री झोप लागत नाही मला."

मामांचं चघळणं थांबलं. तोंडातला घास त्यांनी गिळलाही नाही.

"भीती?" ते म्हणाले. "मंग तसं म्हणायचं ना, पोरी. तू नुसता शेपू वाढत राह्यलीस. मला वाटलं, म्हाताऱ्याचं करून कटाळली, राग हाये तिला. ह्या डब्यांवरून तेवढं वाटायचं, की न्हाई, जीव हाये."

मी पदरानं नाक पुसलं. मला एकाच वेळी हसू येत होतं आणि त्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं.

त्यांनी तोंडातला लाडू हापशाच्या नालीत थुंकला, चूळ भरली. मग उरलेले तीन डबे उघडून त्यातलं सगळं माझ्या पदरात ओतलं. पेढे, गुळाचे खडे, शेंगदाण्याचे लाडू.

"जखमेवर फुंकर मारून दे," त्यांनी पाय पुढं केला. "आत्ता, इथंच. घरी तू मलम लावतीस, पर तोंड तिकडं करून लावतीस."

मी खाली बसले. अंगठा काळपट होता, कडेला ओला. तीन महिन्यांत मी तो पहिल्यांदाच नीट पाहिला.