विटकरी पंखांची घार

माझा धाकटा भाऊ ब्रॅंडन गेल्या नाताळाच्या तोंडावर कट्टा गावाच्या रस्त्यावर बाईकवरून पडून वारला. मी गोव्याची नोकरी सोडून घरी आले. भांडी घासते, मासे आणते. रडू येत नाही. लोक म्हणतात, सेलिना खंबीर आहे. खंबीर कसली डोंबलाची, बधिर झालेय.

मायला एकच काम उरलं होतं. ब्रॅंडनने माडाखाली पडलेलं घारीचं तपकिरी पिलू वाढवलं होतं. पडताना त्याचं एक बोट वाकडं झालं, ते तसंच राहिलं. उडायला लागल्यावरही माय विहिरीपाशी मासे कापायला बसली की ते कुंपणावर हजर. ब्रॅंडन गेल्यावरही येत राहिलं. माय त्याच्यासाठी बांगड्यांची डोकी बाजूला काढायची आणि त्याच्याशी बोलायची. आमच्याशी नाही.

पावसाळ्यात होड्या बंद झाल्या. मासे नाहीत, म्हणून पिलूही येईनासं झालं. होड्या पुन्हा निघाल्या तेव्हा कुंपणावर वेगळीच घार येऊन बसली. डोकं नि छाती पांढरी, पंख विटकरी. मायने दगड उचलला.

"हाड मेल्या! ताच्या वाटणीचा खातस?"

मग रोज तेच. ब्रॅंडनला वर्ष होत आलं, चर्चमध्ये त्याच्या नावाची वर्षाची मिसा, म्हणजे प्रार्थना, ठरवायची वेळ आली. पपांनी विचारलं की ती म्हणायची, "ताचा पाखरू येवंदे, मगे बघूया." पपा कॅलेंडर परत खिळ्याला लावायचे. आमच्या घरात गप्प बसायला सगळ्यांनाच छान जमतं.

परवा घार अगदी जवळ उतरली. पोटावर जुनी तपकिरी पिसं अजून राहिली होती. आणि ते वाकडं बोट. मोबाइलवर शोधलं तर लिहिलं होतं, या जातीची पिलं तपकिरीच असतात, वाढली की रंग पालटतात.

"माय, दगड मारू नको," मी म्हटलं. "ही तीच आसा. मोठी झाली, म्हणान पिसां बदलली."

विळीवरचा तिचा हात थांबला नाही.

"माका पयल्याच दिसाक कळला."

"मगे मारतस कित्याक?"

"माझो झील ब्रॅंडन होतो तेवढोच रवलो," माय म्हणाली. "ही कित्याक मोठी झाली?"

तिने पुन्हा दगड उचलला. मी तिचा हात धरायला हवा होता. धरला नाही. खरं सांगायचं तर, लागावा असंच मला वाटलं.