खालच्या मजल्यावरची कॅप्सूल

डॉक्टरीणबाईंचा जीव कालपासून थाऱ्यावर नव्हता. वर त्यांचा दवाखाना, खाली नवऱ्याचं औषधांचं दुकान, आणि मधल्या जिन्यावर बाईंच्या उगाचच फेऱ्या चालल्या होत्या.

निमित्त शिंपीणबाईंच्या मुलीचं. काल सकाळी आली तेव्हा अंगात ताप, घसा लालबुंद. पण नाक वाहत होतं, खोकला होता, टॉन्सिलवर पू नव्हता. लक्षणं सगळी विषाणूची, आणि तिथे अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. ऊठसूट दिलं, तर खऱ्या गरजेच्या वेळी तेच चालेनासं होतं. बाईंनी तापाचं औषध दिलं, गुळण्या सांगितल्या, पाणी गिळवेना किंवा श्वासाला त्रास झाला तर तडक आणा, असं बजावलं. शिंपीणबाई तोंड पाडून जिना उतरल्या.

वर्षभर बाई असा नकार देत होत्या, आणि नकार दिला की रात्र तळमळण्यात जायची. आपण चुकलो तर? मग पोर बरं झाल्याचं कळायचं आणि जीव भांड्यात पडायचा. एकही घसा चिघळला नाही, अशी बढाई त्यांनी नातेवाइकांत चारदा तरी मारली होती.

आज दुपारी एकदाचा फोन आला. ताप उतरला, पोरगी जेवली. बाई धावतच खाली गेल्या.

"बघितलंत? अँटिबायोटिकशिवाय बरी झाली."

नवऱ्याने पुसलेलं काउंटर पुन्हा पुसलं. मग म्हणाला, "मी दिल्या होत्या कॅप्सूल. कालच. तुला सांगू नका म्हणालो."

"हिलाच?"

"तू नाही म्हणालीस त्या सगळ्यांना. रात्रभर कूस बदलत असतेस. बघवत नव्हतं मला."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. बाई मटकन स्टुलावर बसल्या. संताप आला, त्याच्या मायेने गलबलूनही आलं, आणि आधी कशाला तोंड फोडावं ते कळेना. शेवटी त्यांनी शिंपीणबाईंना फोन लावला. घेतल्या त्या घेतल्या, आता कॅप्सूल बंद करा, ताप उलटला तर कधीही फोन करा, असं सांगितलं. फोन ठेवला आणि बाईंच्या जिन्यावरच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या.

नवरा हळूच म्हणाला, "म्हणजे आजही झोप नाही तुला."

"नसू दे. आज तुम्हीही जागे राहा माझ्याबरोबर."